कैली की वजनी?

मराठी विभागात माझं नाव बघून माझ्या शाळेतल्या मैत्रिणी नक्की हसणार. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलीचं मराठी ते किती असणार! पावणेदोन म्हणजे नक्की किती हे मला हॉस्टेलवर आल्यावर कळलं, आणि ‘औट’ म्हणजे साडेतीन हे तर अगदी अलीकडे. पण हा लेख मराठीतच लिहायला हवा होता. कारण ज्या एका शब्दामुळे तो लिहावा लागतोय तो शब्द मराठी आहे. तो मला वेळेवर समजला असता तर आमच्या मेसच्या मावशींना दीडशे मुलींसमोर मान खाली घालावी लागली नसती.

गोष्ट गेल्या टर्मची. मी नुकतीच लेडीज हॉस्टेलच्या मेस कमिटीची सेक्रेटरी झाले होते. नवीन सेक्रेटरी म्हणजे नवीन झाडू! आधीच्या ताईंनी माझ्या हातात दिली ती मावशींची वही. शंभर पानी, हळदीचे डाग पडलेली. त्यात रोजचा खर्च असा लिहिलेला : ‘पीठ ३ डबे. तांदूळ दीड डबा. तूरडाळ पाव डबा.’ किलोचा कुठे पत्ताच नाही. मी मनात म्हटलं, हा काय हिशेब झाला? इंजिनिअरिंग कॉलेजचं हॉस्टेल आणि मापं डब्याची?

डबा म्हणजे कोणता हे मेसमध्ये डोकावणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, वरचा पत्रा कापून काठ ठोकलेला. त्याच्या अंगावर रंग उडालेल्या अक्षरांत अजून वाचता येतं : निव्वळ वजन १५ किलो. झालं! माझं काम सोपं झालं. मी लॅपटॉप उघडला, एक्सेलमध्ये रकाने आखले आणि एक डबा बरोबर पंधरा किलो असं सूत्र टाकून दिलं.

तीन डबे पीठ म्हणजे ४५ किलो. आईला फोन करून विचारलं, की एक किलोत पोळ्या किती होतात? ती म्हणाली, ‘आपल्या आकाराच्या चाळीसेक होतात.’ म्हणजे रोज १८०० पोळ्या व्हायला हव्यात. मग सलग चार दिवस मी आणि माझी रूममेट पोळ्या मोजत बसलो. (आमच्या आयुष्यातलं सर्वांत कंटाळवाणं प्रॅक्टिकल!) आकडा आला अकराशेच्या आसपास. चारही दिवस.

सातशे पोळ्या कुठे गेल्या? सातशे पोळ्या म्हणजे साडेसतरा किलो पीठ. रोजचं! महिन्याला पाचशे किलोच्या वर.

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला. आपण काहीतरी शोधून काढलं याचा आनंद. महिनाअखेरच्या मेस मीटिंगला मी ग्राफ दाखवला. निळा खांब म्हणजे व्हायला हव्यात तेवढ्या पोळ्या, लाल खांब म्हणजे होतात तेवढ्या. जवळजवळ दीडशे मुली होत्या. मी ‘चोरी’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. ‘तफावत’ म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये सभ्यपणा फार चांगला शिकवतात. पण मागून कुणीतरी तो शब्द म्हणालंच आणि हशा पिकला.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत त्या एवढंच म्हणाल्या, ‘ताई, डबा कैली हाय. वजनी न्हाई.’

मला ऐकू आलं ‘खाली’. मला वाटलं, डबा खाली आहे, रिकामा आहे, असं काहीतरी सांगतायत. मी म्हटलं, ‘हो मावशी, तेच तर म्हणतेय मी, की लवकर रिकामा होतोय.’ पुन्हा हशा.

रेक्टर मॅडम म्हणाल्या की चौकशी पूर्ण होईपर्यंत कोठीची किल्ली ऑफिसात राहील. मावशींनी कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. सोळा वर्षं ती किल्ली त्यांच्या कमरेला होती. त्यानंतर त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पोहायला... नव्हे, पोहे करायला त्या नेहमीच्या वेळी आल्या आणि ऑफिसातलं माणूस कोठी उघडेपर्यंत बंद दारासमोर पायरीवर बसून राहिल्या. मी ते गॅलरीतून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही पाहिलं.

चौथ्या दिवशी माझं काँक्रीट टेक्नॉलॉजीचं प्रॅक्टिकल होतं. सिव्हिलच्या मुलींना हे पाठ असतं : सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर. म्हणून साइटवर वाळू-खडी मोजायचा फर्माही ३५ लिटरचा करतात. सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं, ‘त्याच फर्म्यात वाळू भरली तर ती ५० किलोच भरेल का?’

मी एका श्वासात उत्तर दिलं, ‘नाही सर. आकारमान तेच असलं तरी बल्क डेन्सिटी वेगळी असते. कोरडी वाळू ५५ किलोच्या आसपास जाईल. आणि वाळू ओलसर असेल तर ती फुगते, मग त्याच फर्म्यात कमी वाळू बसते. म्हणून आय.एस. ४५६ मध्ये वजनाने माल मोजा असं सांगितलंय. मापाने मोजणं अगदी नाइलाज असेल तेव्हाच, आणि तेही त्या मालाची बल्क डेन्सिटी आधी काढलेली असेल तरच.’

सर म्हणाले, ‘व्हेरी गुड.’ आणि मी तिथेच गप्प उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर तो पत्र्याचा डबा आला. १५ किलो... पण कशाचे? तेलाचे!

बाहेर आल्यावर मराठीच्या एका मैत्रिणीला विचारलं, ‘कैली म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘मापानं मोजलेलं. भांड्यानं. वजनी म्हणजे तराजूनं.’ म्हणजे मावशींनी मला भर सभेत, पाच-सहा शब्दांत, माझ्याच विषयातलं उत्तर सांगितलं होतं. आणि मी त्यावर विनोद केला होता.

त्या रात्री मॅडमची परवानगी काढली. लॅबमधल्या काकांनी मोठा वजनकाटा एका रात्रीसाठी दिला. मावशींना बोलवायला गेले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, ‘मावशी, तुम्ही रोज भरता तसा डबा भरून दाखवाल?’ त्या उठल्या. काही विचारलं नाही.

आधी रिकामा डबा ठेवला : १ किलो. मग काठोकाठ पाणी : १८ किलो. पाण्याचं एक सोपं आहे, एक लिटर म्हणजे जवळजवळ एक किलो. म्हणजे आमचा डबा १७ लिटरचा. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. (एक लिटर तेलाची पिशवी बघा, तिच्यावर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं.) त्या हिशेबाने १५ किलो तेलाला साडेसोळा लिटर जागा लागते. डब्यावरचा छाप अगदी खरा होता. फक्त तो पिठाबद्दल काही बोलतच नव्हता.

डबा पुसून कोरडा केला. मावशींनी वाडग्याने पीठ घातलं, हाताने काठ सारखा केला. डब्याचा किलो वजा जाता ९.१ किलो. ओतून पुन्हा भरला : ९. पुन्हा : ९.२. सरासरी ९.१. तिन्ही वेळा मावशींचा हात जवळजवळ तेवढाच. माझ्या लॅबमधल्या रीडिंग्ज कधी इतक्या जवळ आलेल्या नाहीत.

तीन डबे म्हणजे २७.३ किलो. किलोला चाळीस पोळ्या. १०९२.

आम्ही मोजल्या होत्या अकराशेच्या आसपास. मी काही वेळ त्या कॅल्क्युलेटरकडे नुसती बघत बसले. एक पोळी चोरीला गेली नव्हती. सातशे पोळ्या कधी लाटल्याच गेल्या नव्हत्या, कारण तेवढं पीठ त्या डब्यात मावतच नाही. गोण्या वजनावर येतात. महिन्याला किती गोण्या आल्या एवढं जरी मी ऑफिसात जाऊन विचारलं असतं तरी माझा ग्राफ खोटा आहे हे पाच मिनिटांत कळलं असतं. पण तो आकडा बघावा असं मला वाटलंच नाही. मला आधीच सापडलं होतं ना!

मग आणखी एक प्रयोग केला. तोच भरलेला डबा जमिनीवर हलके आपटला. पीठ चार बोटं खाली बसलं. वरून भर घातली, पुन्हा आपटला. असं ते बसेनासं होईपर्यंत केलं. वजन ११.४ किलो! डबा तोच, पीठ तेच, आणि सव्वादोन किलोंचा फरक. चाळलेलं पीठ घेतलं तर उलट आणखी हलकं भरतं.

याचं कारण आपल्या सगळ्यांच्या पुस्तकात आहे. पिठाचा कण फार बारीक आणि हलका असतो. तांदळाचा दाणा स्वतःच्या वजनाने घरंगळत जाऊन आपली जागा धरतो, पण पिठाचे कण एकमेकांना चिकटून कमानी करून राहतात आणि मध्ये पोकळी उरते. मावशी भरतात त्या डब्यात निम्म्याहून जास्त हवा असते. म्हणजे मी रोज हवेचा हिशेब मावशींच्या नावावर लावत होते.

मावशी हे सगळं भिंतीला टेकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘आगं पोरी, गिरणीत कधी गेली न्हाईस का तू? डबाभर गहू दळून आणलं, की पीठ त्या डब्यात मावतं का? दीड डबा हुतंय. म्हणून वाढलं म्हणायचं का त्याला?’

मी खरंच कधी गिरणीत गेले नव्हते. आमच्याकडे पीठ पिशवीतून येतं. (दुसऱ्या दिवशी कोठीतले गहू घालून बघितलं. डब्यात सव्वातेरा किलो बसले. तेवढंच पीठ झालं तर त्याला जवळजवळ दीड डबा लागणार. मावशींचं गणित तोंडी होतं.)

मग त्यांनी मला त्यांच्या सासरची मापं सांगितली. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. हे सगळं कैली. दाण्याला कैली माप, आणि गूळ, तेल, सोनं वजनी. शेर दोन्हीकडे, पण घोटाळा कुणी करत नसे. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम. कैली शेरात किती वजन बसेल ते मात्र आत ज्वारी आहे की भात यावर. नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून घरात येते ना, ते माप हेच! १९५६ मध्ये कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. मापं माळ्यावर गेली, पण ‘कैली की वजनी?’ हा प्रश्नही त्यांच्याबरोबर माळ्यावर गेला. मला वाटतं, तो प्रश्न ठेवायला हवा होता.

कारण हा घोळ फक्त आमच्या मेसचा नाही. आमच्या शाळेतल्या कुकिंग क्लासला केकची सगळी कृती कपाने असायची. अमेरिकेत फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी १८९६ मध्ये बॉस्टन कुकिंग स्कूलच्या पुस्तकात कप आणि चमचे सपाट भरून मोजायला सांगितलं, आणि तिथे तीच पद्धत रूढ झाली. पण कपही सगळे सारखे नाहीत. अमेरिकन कप साधारण २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा आणि राइस कुकरबरोबर येणारा जपानी पद्धतीचा कप १८० चा! आपल्या वाटीबद्दल तर बोलायलाच नको. आई म्हणते ‘वाटीभर रवा’, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर तिची वाटी असते. आपण रूमवर आपल्या वाटीने शिरा करतो आणि मग आईला फोन करून म्हणतो, ‘तुझी रेसिपी चुकलीये.’

एक मात्र आहे. सगळं त्याच एका वाटीने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही. रवा एक वाटी, साखर एक वाटी, मग वाटी लहान असो की मोठी, शिरा बरोबर होतो. गडबड होते ती अर्धं वाटीने आणि अर्धं किलोने मोजलं की. म्हणजे मी केलं तसं.

ज्यांना वाटीचं वजन करायचंच असेल त्यांच्यासाठी आम्ही त्या रात्री काढलेली युक्ती देते. आधी आपली वाटी काठोकाठ पाण्याने भरून पाण्याचं वजन करा. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर तुमची वाटी. मग त्याला गुणा : तेल किंवा तूप असेल तर ०.९ ने, साखर ०.८५ ने, तांदूळ आणि तूरडाळ ०.८ ने, रवा ०.७ ने, हलक्या हाताने भरलेलं गव्हाचं पीठ किंवा मैदा ०.५ ने. बारीक मीठ मात्र पाण्याहून जड, १.२ ने. म्हणजे १५० मिलिलिटरच्या वाटीत साखर १२५ ते १३० ग्रॅम आणि पीठ ७५ ग्रॅम. साखरेचे आकडे फारसे हलत नाहीत. पिठाचे हलतात, तेव्हा पीठ असेल तर सरळ काटा वापरा. आणि मोठ्या प्रमाणावर काही करणार असाल, तर गुणण्याआधी जी बाई ते रोज करते तिला विचारा. ही युक्ती मला सगळ्यात उशिरा सुचली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना कागद नेऊन दिला. किल्ली मावशींकडे परत गेली. पुढच्या मीटिंगला मी उभी राहिले. या वेळी ग्राफ नव्हता. म्हटलं, चूक माझी होती, पूर्णपणे माझी, आणि मावशींची माफी मागितली. मावशी म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे आता.’ मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मुलींनीही वाजवल्या.

पण मी मोजलं. (मोजायची सवय वाईट.) आरोपाच्या मीटिंगला दीडशे मुली होत्या. माफीच्या मीटिंगला चाळीस. टर्म संपत आली होती, सबमिशन्स होती, कोण येणार? उरलेल्या एकशे दहा जणींच्या डोक्यात तो लाल खांब अजून तसाच आहे. परवासुद्धा एकीने ताटातली पोळी उचलून विचारलं, ‘काय गं, मावशींचं ते पिठाचं प्रकरण मिटलं का?’ मिटलं का! म्हणजे होतं, आणि मिटवलं, असं.

म्हणून हा लेख. मासिक प्रत्येक खोलीत जातं. मीटिंगला न आलेल्या एकशे दहा जणींनो, कृपया वाचा : प्रकरण नव्हतंच. डबा १७ लिटरचा आहे. त्यात तेल १५ किलो मावतं आणि पीठ ९.

आता डब्यावरचा जुना छाप आम्ही खरवडून काढलाय आणि ऑइलपेंटने लिहिलंय : पीठ ९ कि., तांदूळ १३.५ कि., साखर १४.५ कि. मेससाठी एक काटाही घेतलाय. मला वाटलं होतं मावशी त्याला हात लावणार नाहीत. पण त्या रोज पहाटे तिन्ही डबे एकेक करून काट्यावर ठेवतात, आणि माझ्या खिडकीखाली येऊन हाक मारतात, ‘ताई, वजन बघून जा.’

सुरुवातीला मी वरूनच म्हणायचे, ‘मावशी, राहू द्या ना, माझा विश्वास आहे.’ त्या तिथेच उभ्या राहायच्या.

आता मी काही बोलत नाही. डोळे चोळत खाली जाते, काट्यावरचा आकडा बघते आणि वहीत सही करते.